ओळ सांगा

किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते साचतात. ओव्या, उखाणे, म्हणी गोळा करण्यासाठी मी आयुष्यभर वह्या बगलेत मारून लोकांच्या ओसऱ्यांवर बसलो. सांगणाऱ्या बाईचे नाव, गाव, वय लिहून घेतले. मध्येच जात्याचा आवाज आला असेल, तर तोही लिहून घेतला. हणमंतरावांच्या बाबतीत मी एकदाच वही उघडली, आणि तरीही सर्वांत जास्त किस्से माझ्याजवळ त्यांचेच आहेत. घाटातल्या एखाद्या वळणावर येणारा-जाणारा एकेक दगड ठेवून पुढे जातो आणि काही वर्षांनी तिथे देव उभा राहतो, तसे काही माणसांचे होते. लोक त्यांच्या अंगावर गोष्टी ठेवून जातात. म्हणून अभ्यासकाची शिस्त पाळून आधीच सांगतो: पुढचे सारे मी पाहिलेले आहे. जे ऐकीव आहे, तिथे तसे म्हणेन.

काळ पन्नाशीच्या दशकाचा उत्तरार्ध, स्थळ बंगळूरचे बसवनगुडी. मी साताऱ्याकडून तिथल्या एका कॉलेजात शिकवायला गेलो होतो. हणमंतरावांचे पूर्वज मात्र सतराव्या शतकात फौजेबरोबर आले, घोड्यावरून उतरले, आणि उतरले ते उतरलेच. त्यांच्या मराठीत कन्नड शब्द कढीतल्या कढीपत्त्यासारखे असत. वेगळे काढता येत, पण मग कढी राहत नसे. ते एका हायस्कुलात गणित शिकवत.

रविवारी सकाळी त्यांच्या घरापुढच्या जगलीवर, म्हणजे दगडी ओट्यावर, आमचे मंडळ बसे. मंडळ म्हणजे तिघे. हणमंतराव, मी, ज्याला ते 'पंडित' म्हणत, आणि बेळगावकडचा व्यंकोबा, रेल्वेतला गार्ड. जगलीला लागून असलेल्या खिडकीच्या आत हणमंतरावांच्या पत्नी गोदाक्का कॉफी करत असत. त्यांना आम्ही मंडळात धरत नसू. गणनेतली ही चूक ध्यानात यायला आम्हांला काही वर्षे लागली.

*

वादाचा आरंभ वाचनालयातल्या एका इंग्रजी पुस्तकापासून झाला. सापेक्षतेचा सिद्धांत सामान्य वाचकाला समजावणारे ते पुस्तक. अशा पुस्तकांत असतो तसा त्यात एक फलाट होता, एक गाडी होती, आणि दोन्हीकडे एकेक घड्याळ होते. फलाटावर केलेल्या मोजमापाचे गाडीतल्या मोजमापात रूपांतर कसे करायचे, याची सूत्रे होती. जुने रूपांतर हणमंतराव वर्षानुवर्षे शिकवत आले होते: वेगाला वेळेने गुणा, अंतरातून वजा करा. त्याच्याशी त्यांचे भांडण नव्हते. नव्या रूपांतरात खाली एक वर्गमूळ आले होते, आणि अंतराबरोबर वेळही बदलत होती.

रविवारी आम्ही पोहोचलो, तेव्हा जगलीच्या भिंतीवर काळा रंग देऊन एक फळा तयार झाला होता आणि त्यावर बारा ओळी होत्या. पाचव्या ओळीचा अर्थ: फलाटावरून पाहिले तर गाडीतले घड्याळ हळू चालते. नवव्या ओळीचा अर्थ: गाडीतून पाहिले तर फलाटावरचे घड्याळ हळू चालते. दोन्ही ओळी पुस्तकातल्याच. फलाटावरची वेळ टी, गाडीतली वेळ टी-डॅश. अकराव्या ओळीत हणमंतरावांनी एक सूत्र दुसऱ्यात घातले होते, टी ने टी उडवला होता. बाराव्या ओळीत गाडीचा वेग आला होता शून्य.

"पुस्तक खरं मानलं," हणमंतराव हात झटकत म्हणाले, "तर गाडी हललीच नाही."

व्यंकोबा बाराव्या ओळीपर्यंत फळा वाचत आला. मग म्हणाला, "अण्णा, मग अठरा वर्षं मी हिरवा झेंडा कुणाला दाखवतोय?"

*

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रत्येक गावात एक 'वेडा पंडित' असतो आणि त्याच्या कथांचा साचा ठरलेला असतो: तो साऱ्या जगाला चूक ठरवतो आणि शेवटी विहिरीत पडतो. हणमंतराव त्या साच्यात बसत नाहीत. त्याचा पुरावा म्हणजे त्यांचा पत्रव्यवहार.

त्या बारा ओळींच्या प्रती त्यांनी सुवाच्य अक्षरात करून थोरामोठ्या विद्वानांना पाठवल्या. प्रत्येक प्रतीच्या तळाशी एक वाक्य असे: 'चुकीची ओळ दाखवणाऱ्याची मी स्वहस्ते लेखी क्षमा मागेन.' उत्तरे आली. एकाने छापील कार्ड पाठवले, पत्र मिळाल्याचे. एकाने आधुनिक भौतिकीचा पाया पक्का करण्याचा सल्ला दिला. एका मोठ्या प्राध्यापकांनी मात्र एका वाक्यात लिहिले: 'आपला निष्कर्ष चुकीचा आहे.'

हणमंतरावांनी उलट टपाली उत्तर धाडले. ते मला वाचून दाखवले, म्हणून ते मला पाठ आहे.

'महोदय, निष्कर्ष चुकीचा आहे हे मलाही ठाऊक आहे. मी रोज बसने शाळेत जातो. ओळ सांगा.'

त्याला उत्तर आले नाही. आमच्या मंडळाला मात्र दोन शब्द मिळाले, ते कायमचे. कॉफीत साखर कमी आहे असे मी म्हटले, तरी व्यंकोबा म्हणे, "ओळ सांगा."

*

बसचा उल्लेख आला, म्हणून बसचा किस्सा.

आपल्या भाषेत आपण गावाला जातो, पण वाटेत 'गाव आलं' असे म्हणतो. आपण बसलेले असतो आणि गाव येते. कन्नडमध्येही तसेच, कंडक्टर ओरडतो, "गांधी बाजार बंतु," गांधी बाजार आला. हे मी एकदा हणमंतरावांना सांगितले आणि विचारले, की सापेक्षता आपल्या बोलण्यात आधीपासूनच नाही का?

"आहे ना," ते म्हणाले. "गाव येण्याबद्दल माझी तक्रारच नाही. गणिताबद्दल आहे."

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघे बसमध्ये होतो. हणमंतराव मला वर्गमुळाबद्दल सांगण्यात गुंतले आणि गांधी बाजार मागे पडला. ते कंडक्टरवर उखडले. तो म्हणाला, "बंतु म्हणून ओरडलो की, सार."

"आला म्हणालास, खरं आहे," हणमंतराव म्हणाले. "पण आल्यावर थांबायला नको त्याने? आला तसा निघून गेला."

कंडक्टरने तिकिटांची पेटी काखेत घट्ट केली आणि अत्यंत आदराने म्हणाला, "सरी, सार, बरोबर आहे. स्वल्प बसून राहा. परतीच्या खेपेला तो पुन्हा येतो."

बसमधले सगळे हसले. हणमंतराव हसले नाहीत. ते उतरून चालू लागले आणि अर्धा मैल गेल्यावर म्हणाले, "पंडित, हा माणूस शिकला असता, तर त्याने ओळ दाखवली असती."

*

ज्या शास्त्रज्ञाशी त्यांचा वाद होता, त्याचे नाव हणमंतराव कधी उच्चारत नसत. 'ते' म्हणत. "त्यांनी इथे असं धरलं आहे," "त्यांना हे सुचायला हवं होतं." आपल्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचा उल्लेख करतात, तंतोतंत तसा. हे माझ्या लक्षात आले, तसे गोदाक्कांच्याही आले असावे.

गोदाक्कांचे वडील व्याकरण शिकवणारे पंतोजी. लहानपणी जेवताना पानात भाजी पडण्याआधी एका वाक्याचे क्रियापद शोधून दाखवावे लागे, असे त्या सांगत. 'क्रियापद मिळालं की भाजी मिळे.' त्यांच्या बोलण्यात म्हणूनच एकही शब्द सैल नसे.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्यांच्या घरी बायका जमल्या होत्या. आम्ही तिघे जगलीवर. उखाण्यांचा आग्रह सुरू झाला. माझा हात सवयीने वहीकडे गेला. एकदाच उघडली म्हणालो, ती हीच वेळ. नवऱ्याचे नाव गुंफायचे, ते गोदाक्कांनी असे गुंफले:

'वर एक्स वजा व्हीटी, खाली वर्गमूळ,
हणमंतरावांचं नाव घेते, डोक्यात एकच खूळ.'

आत हशा उसळला. बायकांपैकी एकीलाही एक्स किंवा व्हीटी ठाऊक नव्हते, पण खूळ सगळ्यांच्या घरात होते. माझ्या संग्रहातल्या शेकडो उखाण्यांत वर्गमूळ असलेला हा एकटाच.

हणमंतराव खिडकीपाशी गेले. गंभीरपणे म्हणाले, "अगं, गणित बरोबर आहे. पण 'खूळ' हा शब्द मागे घे."

आतून आवाज आला, "का म्हणून? चूक कुठल्या ओळीत आहे ते सांगा."

*

एवढ्यावर राहते, तर हा सारा प्रकार विनोदी म्हणून सांगता आला असता. पण बारा ओळी जगलीवरून वर्गात गेल्या.

त्यांच्या वर्गातल्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात चौकट करून त्या लिहिलेल्या असत आणि वर लिहिलेले असे: 'चूक शोधा.' हणमंतरावांचे म्हणणे सरळ होते. मुलांना बरोबर उत्तरे मिळवायला सगळेच शिकवतात. उत्तर चूक आहे हे ठाऊक असताना चुकीची जागा शोधायला कोण शिकवतो?

त्या वर्षी शाळा तपासणीला इन्स्पेक्टर आले. त्यांच्याबरोबर मुख्याध्यापक. हा प्रसंग ऐकीव आहे, पण मी तो तीन जणांकडून ऐकला आणि पाठभेद जवळपास नाहीत. इन्स्पेक्टरांनी कोपऱ्यातली चौकट वाचली, शेवटची ओळ पाहिली आणि म्हणाले, "हे चुकीचं आहे."

सबंध वर्ग सवयीने एका सुरात म्हणाला, "याव सालु, सार?" म्हणजे, कुठली ओळ, सर?

इन्स्पेक्टर फळ्याजवळ गेले. पहिली ओळ पाहिली. दुसरी पाहिली. खिशातून चष्मा काढला. तास संपल्याची घंटा झाली, तेव्हा ते सातव्या ओळीवर होते, आणि तपासायच्या उरलेल्या चार वर्गांत त्या दिवशी कोणी गेले नाही.

मुख्याध्यापकांना हे झोंबले. ते त्या वर्षी निवृत्त होणार होते आणि ज्येष्ठतेने त्यांच्या जागी हणमंतराव यायचे होते. त्यांनी इंग्रजीत एक माफीपत्र टंकलिखित करवून घेतले: 'मी विद्यार्थ्यांपुढे चुकीचे गणित मांडले, त्याबद्दल मी माझे सर्व लेखन मागे घेतो व क्षमा मागतो.' खाली सहीची रेघ. पंधरा दिवसांत सही करा; नाहीतर ती जागा दुसऱ्याला देण्याची शिफारस जाईल.

हणमंतरावांनी पत्र वाचून परत ठेवले. "सर, ओळ सांगा, आत्ता सही करतो."

"गणित तुमचा विषय," मुख्याध्यापक म्हणाले. "शिस्त माझा."

मुख्याध्यापकपदाबरोबर शाळेच्या आवारातले घर मिळे, आणि त्या घरात नळ होता. हे मुद्दाम सांगितले पाहिजे. गोदाक्का लग्न होऊन आल्यापासून रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या नळावर रांगेत उभ्या राहून घागरी भरत होत्या. त्या घरातला नळ त्यांनी एका समारंभाच्या वेळी पाहिला होता. "फिरवला की येतं," एवढेच त्या आल्यावर म्हणाल्या होत्या.

*

पंधरा दिवसांतल्या पहिल्या आठवड्यात सणाची सुट्टी आली, त्या दिवशी व्यंकोबाने मित्राला वाचवण्याचा प्रयोग मांडला. कुठली ओळ चूक हे न सापडो, पण सिद्धांत खरा आहे एवढे डोळ्यांनी दिसले, तर अण्णा सही करतील, असा त्याचा हिशेब. त्याने दोन गजराची घड्याळे जुळवली. एक फलाटावर माझ्या हातात दिले आणि दुसरे घेऊन हणमंतरावांना गार्डच्या डब्यात बसवून म्हैसूरला नेले, आणि त्याच गाडीने परत आणले.

गाडी परतली. घड्याळे शेजारी-शेजारी ठेवली. गाडीतले घड्याळ चार मिनिटे मागे होते.

व्यंकोबाचा चेहरा उजळला. "बघा की, अण्णा. पुस्तकात लिहिल्यासारखं मागं पडलंय. करून टाका सही."

हणमंतरावांनी स्टेशनवरच्या मोठ्या घड्याळाकडे मान वर करून पाहिले. "घड्याळ चार मिनिटं मागे आहे. गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. बाकीची छत्तीस मिनिटं कुठल्या सिद्धांतात बसवतोस?"

"ती होय," व्यंकोबा म्हणाला. "त्याला रेल्वेत क्रॉसिंग म्हणतात."

परत येताना हणमंतराव माझ्याशी अगदी हळू बोलले. "पंडित, पुस्तक चूक आहे असा माझा हट्ट नाही. चूक माझी असेल. पण मी ती न बघता कबूल केली, तर उद्या वर्गात कुठल्या तोंडाने म्हणू, की शोधा?"

*

आता शेवटचा. हा सर्वांत चांगला आहे, आणि यावर मी काही भाष्य करणार नाही.

व्यंकोबा हार मानणाऱ्यांतला नव्हता. धारवाडकडचे एक प्राध्यापक, शहरातल्या एका मोठ्या विज्ञानसंस्थेत काम करणारे, त्याच्या गाडीतून प्रवास करत होते. त्याने त्यांना गाठले, बारा ओळींबद्दल सांगितले, आणि भेटीची वेळ मिळवली: गुरुवारी सकाळी दहाला. शुक्रवारी ते वर्षभरासाठी परदेशी निघणार होते.

मंगळवारी दुपारी व्यंकोबा ही बातमी घेऊन धावत आला. घराला कुलूप होते. हणमंतराव शाळेत, गोदाक्का नळावर. त्याला ड्यूटीवर जायचे होते. त्याने कागदाचा तुकडा फाडला, चार शब्द लिहिले आणि कडीत अडकवून गेला.

'प्रोफेसरांची भेट परवा. दहाला.'

गुरुवारी दहा वाजता प्राध्यापक आपल्या खोलीत वाट पाहत बसले. हणमंतराव वर्गात लघुगुणक शिकवत होते.

रविवारी व्यंकोबा जगलीवर चढला तो तांबडा-लाल होऊन. "अण्णा, माझी अब्रू गेली. एवढा मोठा माणूस तुमच्यासाठी थांबला. का नाही गेलात?"

"कुठे जायला हवं होतं?"

"परवा म्हणून लिहिलं होतं की!"

हणमंतरावांनी पुस्तकात खूण म्हणून ठेवलेला तो तुकडा काढला. "हेच ना? प्रोफेसरांची भेट परवा. म्हटलं, गेल्या रविवारी तू जगलीवर नव्हतास, म्हणजे तेव्हा भेटलास. आणि दहाच्या पुढे एक शब्द लिहिला नाहीस, म्हणजे त्यांनीही ओळ दाखवली नाही."

"भेटलो असं कुठं लिहिलंय?"

"भेटणार असं तरी कुठे लिहिलं आहेस?"

दोघांनीही तुकडा माझ्यापुढे धरला. भाषेचा प्रश्न, म्हणून निवाडा माझ्याकडे. मी सांगितले, की दोघांचेही वाचन ग्राह्य आहे. आपल्या मराठीत मागच्या आणि पुढच्या, दोन्ही दिवसांना 'परवा' हा एकच शब्द आहे. कन्नडमध्ये दोन आहेत: होऊन गेलेला तो 'मोन्ने', यायचा तो 'नाडिद्दु'. मराठीत कोणता परवा ते क्रियापद सांगते. परवा गेलो, परवा जाईन.

"आणि व्यंकोबांनी क्रियापदच खाल्लं," खिडकीतून गोदाक्का म्हणाल्या.

त्या कॉफीचे पेले घेऊन बाहेर आल्या. तुकडा हातात घेऊन वाचला, व्यंकोबाला परत दिला. उद्या सोमवार, मुदतीचा शेवटचा दिवस, हे आम्हां चौघांनाही ठाऊक होते. गोदाक्का आत जायला वळल्या आणि फळ्यापुढे थांबल्या. तीन वर्षे त्या ओळींना धक्का न लावता त्यांनी ती भिंत झाडली होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "ह्याच्यात तरी क्रियापद कुठे आहे?"

"गणितात क्रियापद नसतं," हणमंतराव म्हणाले.

"मग हा टी कुठला? पाचव्या ओळीत फलाटावरची माणसं म्हणतात, 'आत्ता'. आत्ता गाडीतलं घड्याळ इतकं, आणि आमचं इतकं. बरोबर?"

"बरोबर."

"नवव्या ओळीत गाडीतली माणसं म्हणतात, 'आत्ता'. आत्ता आमचं इतकं, आणि फलाटावरचं इतकं."

"बरोबर."

"दोघांचं आत्ता एकच आहे असं कुठल्या ओळीत लिहिलंय?"

हणमंतरावांनी वळून पाचवी ओळ पुन्हा वाचली.

"दोन्हीकडे टी लिहिलात आणि अकराव्या ओळीत टी ने टी उडवलात," गोदाक्का म्हणाल्या. "तो टी मोन्नेचा, हा नाडिद्दूचा. एका परवाने दुसरा परवा उडवतं का कोणी?"

हणमंतराव उठले. त्यांनी खडू घेतला. पाचव्या ओळीतल्या टी च्या पायाशी 'मो' लिहिले, नवव्या ओळीतल्या टी च्या पायाशी 'ना'. मग अकरावी ओळ पुसून पुन्हा लिहिली. या वेळी काहीच उडाले नाही. दोन टी रेघेच्या दोन बाजूंना वेगवेगळे उभे राहिले. वेग शून्य व्हायला काही कारण उरले नाही. बारावी ओळ त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसली आणि खडू खाली ठेवला.

व्यंकोबाने हळूच विचारले, "म्हणजे उद्या सही?"

सोमवारी संध्याकाळी आम्ही दोघे जगलीवर बसून होतो. हणमंतराव शाळेतून आले. गोदाक्का दारात.

"काय झालं?"

"मी म्हणालो, सर, चूक सापडली. अकराव्या ओळीत होती. माझीच होती. ते म्हणाले, उत्तम, करा सही. मी म्हणालो, तुमच्या पत्रात अकराव्या ओळीचा उल्लेख नाही. तुम्ही सगळ्याबद्दल माफी मागायला सांगता आहात. आधीच्या दहा ओळी बरोबर होत्या, आणि 'शोधा' म्हणणं तर सगळ्यांत बरोबर होतं."

"मग?"

"मग काय. क्षमा, ज्याने ओळ दाखवली त्याची मागेन म्हणून मी लिहून दिलं आहे. त्यांनी दाखवलेली नाही."

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून गोदाक्कांच्या हातात दिला. स्वहस्ते लिहिलेला. सौभाग्यवती गोदावरीबाई यांस, अकराव्या ओळीबद्दल क्षमा असावी. खाली सही, तारीख.

गोदाक्कांनी तो शेवटपर्यंत वाचला. क्रियापद पाहिले असावे.

"कागद बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "'खूळ' मात्र मी मागे घेत नाही."

त्यांनी कागद पदराच्या टोकाला बांधला, कोनाड्याजवळची घागर कमरेवर घेतली आणि कोपऱ्यावरच्या नळाकडे निघाल्या. शाळेचा कोट न काढताच हणमंतरावांनी दुसरी घागर उचलली, खांद्यावर घेतली, आणि भर संध्याकाळी, साऱ्या गल्लीच्या देखत, गोदाक्कांच्या मागोमाग चालू लागले.

व्यंकोबा ड्यूटीवर जायला निघाला होता. झेंडे त्याच्या बगलेतच होते. तो जगलीवर उभा राहिला, हिरवा सोडवला आणि हात पूर्ण लांबवून हलवला.

"पंडित," तो म्हणाला, "हलली."